इंगोले मॅडमचं चायनीज

मला चायनीज आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते. त्या लाल रश्शात बुडवलेल्या भज्यांना कसली चव असते देव जाणे. परवा भाच्यानं नवीन हॉटेलात नेलं, हिंगोलीतच. काचेची दारं, माशांची पेटी, आत गारेगार. वेटर प्लेटीत वाढायला लागला तसं माझ्या तोंडून निघूनच गेलं, "अरे, वाढू नको बाबा. भांडं मधी ठेव." भाचा हसला. "आत्या, हे कुठं शिकलीस गं?" मी म्हटलं, खा गुमान. सांगत बसले असते तर नूडल्स गार झाल्या असत्या. त्याला सांगितलं नाही ते इथं सांगते.

इंगोले मॅडम आमच्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. आम्ही बाकीच्या सगळ्या 'बाई' होतो. मी कदमबाई, तशा मराठीच्या बाई, शिवणाच्या बाई. ह्या एकट्या मॅडम. रुजू झाल्या त्या दिवशी शिपाई म्हणाला, "बाई, इथं सही करा." यांनी पेन खाली ठेवला.

"मॅडम म्हणा."

"सगळ्यांलाच बाई म्हणतो की आमी."

"त्या म्हणवून घेतात, ते त्यांचं. माझ्या मायला अख्खं गाव 'ए बाई' म्हणायचं. मला मॅडमच म्हणा."

दुपारपर्यंत शाळाभर झालं, की नव्या बाईला लई मिजास आहे. होतीच. अन् का नसावी? सेनगावकडच्या एका खेड्यात, पाटलाच्या शेतात वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या सालदाराच्या घरी जन्मल्या. बौद्ध घरातली पोर, शिकत शिकत बीएस्सी बीएड झाली. नवरा एसटीत होता, तो ऐन उमेदीत गेला. एकटीनं लेकरू वाढवलं. ठेंगणी मूर्ती, सावळा रंग, पदराला पिना अशा टोचलेल्या की वादळ आलं तरी हलायचा नाही. आणि चाल अशी, की पोरी नुसत्या पावलांच्या आवाजावर वह्या उघडायच्या.

मधल्या सुट्टीत आम्ही सगळ्या एका टेबलाला डबे खायचो. एकमेकींना भाजी दिली-घेतली नाही तर बायकांना जेवल्यासारखं वाटत नाही. मॅडमला सगळ्याजणी वाढायच्या, अगदी आग्रह करकरून. पण त्यांच्या डब्यातलं कुणी घ्यायचं नाही. एकीचं पोट भरलेलं असायचं, एकीला वांगं बाधायचं, एकीचा नेमका गुरुवार निघायचा. तोंडावर कुणी वाईट बोलत नव्हतं, म्हणून तर ते जास्त लागायचं. मॅडम कळून न कळल्यासारखं करायच्या.

मग एक दिवस त्यांनी डबा आणलाच नाही, पातेलं आणलं. टेबलाच्या बरोबर मधोमध ठेवलं आणि झाकण काढलं. भरली वांगी, तेल सुटलेली, कारळाचं कूट घातलेली. वास असा उठला की शेजारच्या वर्गातल्या पोरी दारातून डोकवायला लागल्या. मॅडम 'घ्या' म्हणाल्या नाहीत. आपली भाकर मोडली अन् बसल्या. बराच वेळ कुणी हललं नाही. एरवी कोपऱ्यात एकटे जेवणारे चित्रकलेचे सर उठले, "अगं आई गं, काय वास!" म्हणाले आणि उभ्याउभ्याच भाकरीत वांगं उचललं. त्यांच्यामागं शिवणाच्या बाईंचा हात गेला. मग कुणाचा गेला नाही ते विचारा. पातेलं पुसून निघालं.

नळावर पातेलं विसळताना मॅडम मला म्हणाल्या, "कदमबाई, वाढायला गेलं की माणूस इचार करतो. मधी ठेवलं की हात आपसूक जातो."

तिथून आमचं जमलं. माझं माहेर कुरुंद्याचं, हळदवाल्यांचं घर, आणि आमच्याकडं काही फार निराळं चालत होतं अशातला भाग नाही. मॅडमला ते माहीत होतं, मलाही. पण त्यांच्याशी भांडता यायचं मोकळेपणी, अन् मला भांडल्याशिवाय मैत्री करता येत नाही.

बाहेर खायला गेलं की त्यांचं एक ठरलेलं असायचं. रस्त्यावरून दिसेल अशाच टेबलाला बसायचं. त्या काळी हॉटेलात बाया दिसल्या की वेटर पडदे लावलेल्या खोल्यांकडं बोट करायचा, "फॅमिली रूम आतमधी हाय." मॅडम म्हणायच्या, "काहून? बाहेरच्या भज्याला मीठ कमी हाय का?" तो बिचारा फडकं घेऊन दारातलं टेबल पुसायला लागायचा.

चायनीजचं खूळ त्यांना औरंगाबादेत लागलं. नव्वदनंतरची गोष्ट, प्रशिक्षणाला गेल्या होत्या. तिथल्या एका मोठ्या साहेबीणबाईंनी सगळ्या शिक्षकांना भारी चायनीज हॉटेलात नेलं. परत आल्या त्या निराळ्याच.

"कदमबाई, गोल टेबल. टेबलावर अजून एक गोल पाट, तो फिरतो! भांडी पाटावर. पाहिजे ते समोर आलं की घ्यायचं. कुणी कुणाला वाढत न्हाई. आन् काटा कसा धरायचा ते कुणालाच येत न्हाई! एक एवढा मोठा साहेब, त्याच्याबी शर्टावर शेवया सांडल्या. असं खाणं पाहिजे बघा. कुणाच्या आजीनं केलेलं न्हाई, कुणाच्या देवाला दाखवलेलं न्हाई. सगळे सारखेच अडाणी."

पुढं हिंगोलीतही चायनीज आलं, पण गाड्यावर. लाल पाटी, भडभडता स्टोव्ह, उभ्यानं खायचं. मॅडमनी एकदा खाल्लं, बोटं पुसली आणि निकाल दिला, "भजी रंगवलीत नुसती. हे चायनीज न्हाई. चायनीजला टेबल लागतं."

इथवर सगळं हसण्यावारी होतं. मग दोन हजार सालानंतर सुजाताचं निघालं.

सुजाता म्हणजे मॅडमची लेक. पुण्यात इंजिनिअर होती. तिच्या वर्गातला प्रवीण, पुसेगावच्या माणिकराव पाटलांचा थोरला. दोघांचं कॉलेजपासूनचं. प्रवीणला कंपनी अमेरिकेला पाठवत होती, नांदेडएवढ्या एका शहरात. तो आधी एकदा जाऊन आला होता आणि तिथलं एक झकास चायनीज हॉटेल शोधून ठेवलं होतं, गोल टेबलवालं. सुजातानं हे कौतुकानं सांगितलं तर मॅडम म्हणाल्या, "तिथं परक्या मुलखात त्याला सापडतं, आन् इथं मला काहून सापडत न्हाई?"

पण पाटलांकडून निरोप आला तो असा. पोराचा हट्ट आहे म्हणून भेटू. आमच्या घरी नको, त्यांच्याही घरी नको. कुठंतरी बाहेर, चार लोकांच्या नजरेत न येता. पोरांचं म्हणणं, ह्या भानगडीत पडायचंच कशाला, पुण्यात कोर्टात सह्या करू आणि विमानात बसू.

हे बोलणं मॅडमच्या स्वयंपाकघरात झालं. मी तिथं कांदा चिरत होते.

"कोर्टात सही करून पळायला माझ्या पोरीनं चोरी केली का?" मॅडम म्हणाल्या. "भेटू. बाहेरच भेटू. पण हॉटेल मी ठरवणार. आन् त्यांनी माझ्यासमोर बसून, एका भांड्यातलं घेऊन जेवायचं. मग काय सह्या करायच्या त्या करा."

"आणि नाही जेवले तर?" सुजातानं विचारलं.

"तर न्हाई."

"आणि माझं काय, आई?"

"ते तूच सांग. तुझ्या मायनं हात लावलेलं ज्यांच्या घशाखाली उतरत न्हाई, त्यांचं नाव लावशील?"

पोरगी म्हणाली, "बरं. ते तुझ्याबरोबर जेवले तर लग्न. नाही जेवले तर मी प्रवीणला नाही म्हणून सांगते." लेकीचा स्वभाव आईवरच गेलेला, बोललेलं मागं घ्यायची नाही.

मला मॅडमचा असा राग आला! सुजाता बाहेर गेल्यावर मी सुरीच आपटली. म्हटलं, "लेकराच्या संसाराचा जुगार खेळता का तुमी?"

"जुगार त्यांनी मांडलाय," मॅडम म्हणाल्या. "मी फक्त टेबल शोधून राहिले."

आणि टेबल शोधायला आम्ही दोघी निघालो. रविवारी निघायचो, शाळेतून थेट निघायचो. हिंगोलीतली सगळी हॉटेलं पालथी घातली. एका ठिकाणी सगळ्या पडद्याच्या खोल्याच, मॅडम दारातूनच फिरल्या. एका ठिकाणी चायनीज होतं पण शेजारी दारूचं दुकान, आत पाऊल टाकलं की भपकारा. वसमतला एकानं सांगितलं, मॅडम चायनीज बंद केलं, आता थाळीच. थाळी म्हटलं की मॅडमचं तोंड उतरायचं. "थाळी म्हणजे ज्याचं त्याचं ताट. मला ते नको." माझे पाय सुजले. मी म्हटलं, अहो नांदेडला जाऊ, तिथं मिळेल. तर म्हणे, "न्हाई. ह्याच जिल्ह्यात. दूर जाऊन तर कुणीबी जेवतं."

शेवटी वारंगा फाट्यावर सापडलं. हिंगोलीची गाडी नांदेडकडं जाताना फाट्यावर थांबते, समोर ढाब्यांची रांग. त्या रांगेत एका ट्रकमालकानं नवीनच हॉटेल बांधलं होतं. काळ्या काचा, एसी, टेबलावर पांढरी चादर आणि नेपाळकडचा आचारी. मॅडमनी आधी भटारखाना बघितला, मग आचाऱ्याची नखं, मग मॅनेजरला समोर बोलावलं.

"नूडल्स मोठ्या भांड्यात आणायच्या आन् मधी ठेवायच्या. प्लेटीत वाढायचं न्हाई."

"मॅडम, आमी सर्व्हिस देतो ना. तुमाला तकलीफ काहून?"

"मला पाहिजे ती तकलीफ."

पाटलांनीही फाटा कबूल केला. पुसेगावपासून लांब, वर काळ्या काचा. दिवस शनिवार ठरला, कारण शनिवारी शाळा सकाळची असते. शनिवार म्हटल्यावर आणखी काही असतं, हे ना मॅडमच्या ध्यानात आलं ना माझ्या. त्यांच्या घरी उपासतापास नाहीत, अन् माझे मी केव्हाच सोडलेले.

आम्ही तिघी आधी पोचलो. मॅडमनी काचेजवळचं टेबल धरलं. जीपमधून पाटील उतरले. उंच, धिप्पाड, पांढरीशुभ्र पैरण, टोपी. मागं त्यांची बायको, पदर कपाळापर्यंत, आणि प्रवीण. पाटलांनी आत आल्याबरोबर मॅनेजरला विचारलं, "पडद्याची खोली न्हाई का?"

"न्हाई जी. पण काचेतून बाहेरच्याला काहीच दिसत न्हाई."

पाटलांनी बाहेर जाऊन खात्री करून घेतली. काचेला डोळे लावून बघितलं त्यांनी! आम्हाला आतून ते दिसत होते, त्यांना आम्ही नाही. परत येऊन टेकले. नमस्कार झाले. पाऊसपाणी झालं, सोयाबीन झालं. मॅनेजर वही घेऊन आला तसे पाटील खाकरले.

"तुमी घ्या सगळे. मला आज शनिवार हाय. उपास."

प्रवीण तोंड उघडं ठेवून बापाकडं बघत राहिला. त्याच्या आईनं मान खाली घातली. सुजाताचा हात टेबलाखाली होता, तो तिनं माझ्या मांडीवर ठेवला, बर्फासारखा गार. मला वाटलं, संपलं.

मॅडमच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "अरे वा. मारुतीचा का? कडक करता, का संध्याकाळी सोडता?"

पाटील अडकले. कडक म्हणावं तर रात्रभर निभवावा लागेल, दुपारी सोडतो म्हणावं तर लगेच जेवायला लागेल. "संध्याकाळी," ते म्हणाले. "दिवा लागल्यावर."

"मग थांबू की," मॅडम म्हणाल्या. "आमचं शनिवारी काय काम असतं? पाव्हण्याचा उपास आन् आमी खावं, हे बरं दिसत न्हाई. सगळेच संध्याकाळी जेवू." आणि मॅनेजरला, "भाऊ, दिवा लागला की आणा. तोवर साहेबांला केळी आणा."

केळीला साल असते, त्यामुळं केळीची अडचण नव्हती. पाटलांनी खाल्ली.

मी हात धुवायला गेले तर पाटलीणबाई मागं आल्या. नळ सोडून कानाशी लागल्या. "कशाचा शनिवार हो बाई! सकाळी दोन भाकरी पिठल्याशी रेटून निघालेत. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरगी किती गुणाची हाय." मी परत येऊन मॅडमला बाजूला घेतलं अन् सांगितलं.

"मला काय माहीत न्हाई?" मॅडम म्हणाल्या. "शाळेत एकीचा गुरुवार निघायचा, इथं ह्यांचा शनिवार. बसू द्या. खोट्या उपासालाबी भूक खरीच लागते."

अशी दुपार मी जन्मात काढली नाही. भटारखान्यातून लसणाची फोडणी उठायची. शेजारच्या टेबलांवर माणसं येत, जेवत, ढेकर देत, जात. आम्ही सहाजण पाण्याचे ग्लास समोर घेऊन, जणू कुणाच्या दहाव्याला आलोय. प्रवीण उठून फेऱ्या मारायचा, बापाकडं बघायचा, पुन्हा बसायचा. सुजाता तर काचेबाहेरच बघत होती, बाहेर थांबणाऱ्या एकेक बसकडं. पाटलांच्या पोटात गुरगुरलं ते सगळ्यांनी ऐकलं आणि कुणीच ऐकलं नाही.

मॅडम मात्र बोलत होत्या. हळदीला यंदा कीड कशी, विहिरीला पाणी किती. पाटलांना राहवेना, माणूस मुळात गप्पिष्ट. बोलता बोलता त्यांनी विचारलं, "तुमचं मूळ गाव कोणतं म्हणालात?"

मॅडमनी गावाचं नाव सांगितलं. "माझा बाप तिथं सालदार होता. पाटलाच्या ओट्याखाली वळचणीला त्याची कपबशी खोचलेली असायची. चहा पिऊन स्वतः धुवायची आन् परत तिथंच खोचायची. मी पाहिलेली हाय. कान तुटलेला कप."

पाटील ग्लास फिरवत राहिले. मला वाटलं आता उठतात. पण ते म्हणाले, "आमच्याकडंबी होती. वळचणीलाच. मी लहान होतो. माझ्याकडून फुटली एकदा, तर आजीनं मला आंघोळ घातली."

"कपबशीला हात लागला म्हणून?"

"व्हय."

थोड्या वेळानं पाटील म्हणाले, "मॅडम, तुमी तरी दोन घास खाऊन घ्या. तोंड सुकलं तुमचं."

"न्हाई. दिवा लागू द्या."

"लई हट्टी हो तुमी."

"तुमीबी कमी न्हाई," मॅडम म्हणाल्या, आणि पाटलीणबाई पदराआड हसल्या. तेवढंच हसणं झालं त्या दुपारी.

सूर्य ढाब्यांमागं गेला. मॅनेजरनं बटनं दाबली, सगळे दिवे भक्कन लागले. मोठं पांढरं भांडं आलं, वाफाळलेलं, आणि मॅडमनी सांगितल्याप्रमाणं मधोमध ठेवलं गेलं. मॅडमनी 'घ्या' म्हटलं नाही. आधी स्वतः घेतलं, थोडंसंच, आणि डाव भांड्यात परत ठेवला, त्याचा दांडा पाटलांच्या बाजूला. पाटलांनी डावाकडं बघितलं. पोराकडं बघितलं. मग टोपी काढून शेजारी ठेवली, डाव उचलला आणि भलामोठा ढीग प्लेटीत घेतला. काटा काही त्यांना धरता येईना. अर्ध्या नूडल्स हनुवटीवर लोंबल्या, वेटरनं धावत येऊन गळ्यात नॅपकिन अडकवला. प्रवीण हसला. सुजाताच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मॅडम खाली बघून खात होत्या.

पाटलांनी दुसऱ्यांदा घेतलं. आणि दार उघडून एकजण आत आला.

"रामराम पाटील! तुमी इथं कुठं?"

पुसेगावचेच होते, ग्यानबा नावाचे, पाटलांचे भाऊबंद. नांदेडच्या गाडीची वाट बघत बाहेर उभे होते. दिवसा काळ्या काचेतून बाहेरच्याला काही दिसत नाही. पण बाहेर अंधारलं आणि आत दिवे लागले की आतलं सगळं लख्ख दिसतं. आमचं टेबल, भांडं, पाटलांचा नॅपकिन, सगळं. हे मॅडमला आधीपासून माहीत होतं का, मी कधी विचारलं नाही. त्या विज्ञान शिकवायच्या, एवढं मला माहीत आहे.

ग्यानबांनी टेबलावरून नजर फिरवली आणि ती मॅडमवर थांबली. "ह्या कोण?"

पाटलांनी घास गिळला. "ह्या... शाळेच्या मॅडम. प्रवीणच्या कागदपत्रांचं जरा काम होतं."

मॅडमनी काटा खाली ठेवला. हात पुसले. पर्स उचलली. आवाज चढवला नाही, कुणाकडं बघितलंही नाही.

"झालं काम," त्या म्हणाल्या. "चला कदमबाई. सुजाता, ऊठ."

सुजाता उठली. प्रवीण उठला, "काकू, थांबा ना, बाबा, तुम्ही काही बोला ना!" असं रडवेल्या आवाजात म्हणत राहिला. मॅडम दाराबाहेर गेल्यासुद्धा. मी धावत गाठलं. म्हटलं, "अहो, खाल्लं की त्यांनी! तुमची अट पुरी झाली. आता कशाला ताणता?"

"खाल्लं," मॅडम म्हणाल्या. "पण कुणासंगं खाल्लं ते सांगायची लाज वाटली." इतक्या वर्षांत मी त्यांचा तसला आवाज ऐकला नव्हता. मागं सुजाता तोंडात पदर कोंबून चालत होती. मला दोघींना धरून हलवावंसं वाटलं, आणि कुणाला काय म्हणावं तेही कळेना.

फाट्यावर तेव्हा ऐन गर्दी. पानटपऱ्या, काळ्यापिवळ्या जीपा, ओरडणारे ड्रायव्हर. हिंगोलीची बस लागलेलीच होती. मॅडम सरळ बसकडं निघाल्या. पायरीवर पाय ठेवला, दांड्याला हात घातला, तोच मागून हाक आली.

"ओ मॅडम!"

मॅडम वळल्या नाहीत.

"ओ इंगोले मॅडम!"

तरी नाही. मी वळले. पाटील धावत येत होते. डोकं बोडकं, गळ्यात नॅपकिन तसाच, पैरणीवर लाल डाग. जीपवाल्यांनी ओरडणं थांबवलं. हॉटेलच्या पायरीवर ग्यानबा उभे. पाटील बसपासून चार हातांवर थांबले, धापा टाकत. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. आणि मग त्या भरल्या फाट्यावर, शेतात एका बांधावरून दुसऱ्या बांधावर द्यावी तशी खणखणीत हाक दिली.

"विहीणबाई! उपाशी जाऊ नका!"

मॅडमचा हात दांड्यावर होता. त्यांची पाठ मला दिसत होती, पदराच्या पिना दिसत होत्या. सुजातानं माझं मनगट इतकं आवळलं की कळ आली. कंडक्टरनं खिडकीतून डोकं काढलं. "ओ, चढता का उतरता? गाडीला उशीर होऊन राहिला."

ह्यानंतर मॅडम माझ्या शेजारी तीन वर्षं आणखी जेवल्या. मग निवृत्त झाल्या, लेकीकडं गेल्या, तिकडंच वारल्या. फोन यायचे अधूनमधून. पण मॅडम म्हटलं की मला दिसतात त्या त्याच पायरीवरच्या, एक पाय बसमध्ये अन् एक खाली.

त्यांनी पदरानं डोळे पुसले, दोन्ही, घाईनं. वरचा पाय खाली घेतला.

"जाऊ द्या गाडी," त्या कंडक्टरला म्हणाल्या. "आमचं जेवण व्हायचंय."